तबला चांगला की हात चांगला?

तबला शिकायला लागून चार-सहा महिने झाले, की बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका डोकावू लागते. गुरुजींच्या तबल्यातून 'ना' निघतो तो घंटेसारखा लख्ख. आपल्या तबल्यातून निघतो तो पाटावर बोट आपटल्यासारखा. गुरुजींचा जोड नामांकित कारागिराकडचा, डग्गा तांब्याचा आणि वजनदार. आपला जोड मामांच्या माळ्यावरून खाली काढलेला. मग घरी मागणी सुरू होते, "मला नवा तबला हवा." घरचे म्हणतात, "आधी नीट वाजवायला शीक, मग पाहू." दोन्ही बाजू हटून बसतात, आणि पुष्कळ घरांत या ओढाताणीत शिकणेच थांबते.

विद्यार्थिमित्रहो, या वादात खरे कोणाचे? आवाजातला कोणता भाग वाद्य देते आणि कोणता भाग हात देतो, हे पदार्थविज्ञानाच्या आधारे बऱ्याच अंशी वेगळे करता येते. त्यासाठी प्रथम कातड्याकडे जाऊ.

हलगी किंवा डफ तुम्ही ऐकला असेल. त्याचा आवाज दणदणीत असतो, पण त्याच्या सुरात सूर मिळवून कोणी गात नाही. याचे कारण असे. ताणलेली तार छेडली म्हणजे ती एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. तिचा सर्वांत खालचा स्वर, म्हणजे मूलस्वर, सेकंदाला १०० कंपनांचा असेल, तर त्याच्या जोडीने २००, ३००, ४०० कंपनांचे उपस्वरही निघतात. हे सारे मूलस्वराच्या पूर्ण पटीत असतात. त्यांना संनादी म्हणतात. ते एकमेकांत मिसळून कानाला एकच गोड स्वर ऐकू येतो. तानपुऱ्याची जादू हीच.

सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल कातड्याचे तसे नसते. त्याचा मूलस्वर १ धरला तर पुढचे उपस्वर १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशा पटींत येतात. एकही पूर्णांक नाही! म्हणून त्यांचा मेळ बसत नाही आणि कानाला स्वराऐवजी ठोका ऐकू येतो. हलगीला हे शोभते. तिला गर्दीतून वाट काढायची असते, गायकाची साथ करायची नसते.

तबल्याच्या पुडीवर मधोमध जो काळा गोल असतो, त्या शाईने हे सारे बदलते. शाई म्हणजे रंग नव्हे. पिठाची खळ आणि लोखंडाची अतिशय बारीक भुकटी यांचा तो लेप असतो. कारागीर तो थरावर थर असा चढवतो. प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा लहान, त्यामुळे लेप मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होतो. थर दगडाने घोटून घोटून त्याला बारीक भेगा पाडल्या जातात. त्यामुळे शाई जड असूनही ताठ राहत नाही. कातड्याबरोबर ती वाकते.

या जड ठिपक्याने काय साधते? मूलस्वराच्या कंपनात सगळे कातडे एकदम वर आणि एकदम खाली जाते, आणि सर्वांत जास्त हलतो तो मध्यबिंदू. तिथेच ओझे ठेवल्यामुळे हे कंपन मंदावते आणि मूलस्वर बराच खाली येतो. पुढच्या प्रकारात कातड्याचा एक अर्धा भाग वर जातो तेव्हा दुसरा अर्धा खाली जातो. मधली व्यासरेषा जागच्या जागी स्थिर राहते. अशा स्थिर रेषेला निस्पंद रेषा म्हणतात. मध्यबिंदू या रेषेवरच असल्यामुळे तिथल्या ओझ्याचा या कंपनाला फारसा त्रास होत नाही. म्हणजे पहिला स्वर बराच खाली आला, दुसरा थोडासाच आला, आणि त्यांच्यातले १.५९ पटीचे अंतर ताणले जाऊन २ पटीच्या जवळ गेले. शाईची जाडी आणि उतार नेमका असेल, तर पुढचे उपस्वरही ३, ४, ५ या पटींच्या आसपास येऊन बसतात.

हे शास्त्रीय रीतीने प्रथम उलगडून दाखवले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. ज्या संशोधनासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशावरचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण वाद्यांचे त्यांना त्याच्याही आधीपासून वेड होते. १९२० साली कोलकात्यात असताना त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले. पुढे १९३४ साली बंगळूरमध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली, आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात या विषयावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांची पद्धत आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावी इतकी साधी होती. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि बोल वाजवायचा. जिथे कातडे हलते तिथून वाळू उडते आणि निस्पंद रेषांवर गोळा होते. अशा आकृत्यांवरून त्यांनी दाखवले, की कातड्याची नऊ वेगवेगळी कंपने पाचच संनादींत वाटली गेली आहेत. पहिल्या व दुसऱ्या संनादीत एकेक, तिसऱ्या व चौथ्यात दोन-दोन, आणि पाचव्यात तीन. साध्या कातड्यात या कंपनांचे स्वर विखुरलेले असतात. शाई त्यांना गोळा करून एकेका स्वरावर आणून बसवते.

ही युक्ती कोणा एकाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या कातड्याला नदीकाठची काळी माती लावून स्वर मिळवण्याचा विधी सांगितलेला आहे. आपल्या कीर्तनातला पखवाजवादक बसण्यापूर्वी डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो, तेही याच घराण्यातले.

तर आता वाद्याचा वाटा कळला. चांगली शाई लावलेली, सारखी ताणलेली पुडी पाच संनादींचे भांडार तयार ठेवते. पण भांडारातून नेमके काय बाहेर काढायचे? तिथे हाताचे काम सुरू होते.

उजव्या हाताचा 'ना' आठवा. अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते, आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे काठाच्या दुहेरी कातड्यावर, आघात करते. अनामिकेचे काम हात टेकवण्याचे आहे असे नव्या विद्यार्थ्याला वाटते. खरे काम निराळेच आहे. मूलस्वराच्या कंपनात कातड्याच्या आत कुठेच स्थिर रेषा नसते, म्हणून तिथे बोट टेकताच ते कंपन मरते. व्यासरेषेवर स्थिर राहणारे कंपन मात्र जगते; त्याची निस्पंद रेषा टेकलेल्या बोटाखाली येऊन बसते आणि बोटाची त्याला अडचण होत नाही. म्हणून 'ना'मध्ये दुसरा संनादी ठळक वाजतो. आता अनामिका उचला आणि तर्जनीने शाईवर मोकळा आघात करा. 'तूं' ऐकू येईल. हा तो मघाचा मूलस्वर. बोटे मिटून शाईच्या मधोमध दाबून मारलीत तर बहुतेक सगळीच कंपने दबतात आणि 'ते'सारखा बंद बोल मिळतो. कातडे तेच, शाई तीच; कोणते कंपन जगू द्यायचे आणि कोणते मारायचे हे बोटे ठरवतात.

प्रत्यक्ष तबल्यात हे स्वर मोजले तर पटी अगदी काटेकोर निघत नाहीत, थोड्या मागेपुढे असतात. पण तत्त्व हेच.

मग आपल्या 'ना'चे बिघडते कुठे? बहुधा दोन ठिकाणी. पहिले ठिकाण अनामिका. ती जोराने दाबली तर नको असलेल्या मूलस्वराबरोबर हवी असलेली कंपनेही गुदमरतात. ती घसरत तर्जनीच्या जवळ आली, तर आघातच निस्पंद रेषेपाशी होतो आणि दुसरा संनादी जागाच होत नाही.

दुसरे ठिकाण तर्जनी, आणि इथे थोडे गणित करू. समजा तुमचा तबला काळी एकला मिळवला आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे २७७ कंपने. एका कंपनाला लागणारा वेळ १ ÷ २७७, म्हणजे सेकंदाचे साडेतीन सहस्रांश किंवा किंचित अधिक. बोट कातड्यावर पडून दोन शतांश सेकंद तिथेच रेंगाळले, तर तेवढ्या वेळात पाच कंपने व्हायला हवी होती. ती सारी बोटाने गिळली. दोन शतांश सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही पुरत नाहीत, पण कातड्याच्या हिशेबात तो मोठा मुक्काम आहे. गुरुजी "बोट उचल, बोट उचल" असे वर्षभर सांगतात ते यासाठीच. पण आपण ठरवून बोट उचलू म्हटले तर तेवढ्या वेळात ते जमणार नाही. मनगट सैल ठेवून बोट नुसते टाकायचे; ताणलेले कातडेच ते परत फेकते. सराव करायचा तो बोट उचलण्याचा नव्हे, बोटाला आडकाठी न करण्याचा. हे कळायला एक वाक्य पुरते, जमायला वर्ष लागते, आणि कोणत्याही दुकानात ते मिळत नाही.

बोल स्वच्छ काढण्याच्या या गुणाला तबलजी निकास म्हणतात. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत ते साथीला असत. १९७६ साली ते वारले. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे मिळवून ऐका. खरखर आहे, आवाज दबलेला आहे, तरीही वेगातला प्रत्येक बोल निवडून काढता येतो.

डग्ग्यावर तर हाताचा वाटा आणखी मोठा आहे. 'घे' वाजवताना तळहाताचा मनगटाजवळचा भाग कातड्यावर दाबत पुढे सरकवला, की स्वर चढत जातो. दाबामुळे कातड्याचा ताण वाढतो आणि कंप पावणारा भाग लहान होतो. दोन्हींचा परिणाम एकच, कंपने जलद होतात. डग्ग्याची शाई मधोमध नसून एका बाजूला असते, ती या तळहाताला जागा राहावी म्हणून. डग्गा तांब्याचा असो की मातीचा, ही घसीट त्याच्या भांड्यात भरून येत नाही.

इथवर वाचून घरची मंडळी खूश झाली असतील. पण थांबा. वाद्याचे असे काही दोष आहेत की कितीही तयार हात त्यांच्यापुढे हतबल होतो, आणि नवशिक्याचे तर त्यांनी फार नुकसान होते.

पहिला दोष, पुडी सगळीकडे सारखी ताणलेली नसणे. व्यासरेषेवर स्थिर राहणारी कंपने खरे तर दोन असतात. एकाची व्यासरेषा उभी धरली तर दुसऱ्याची आडवी. ताण सगळीकडे सारखा असेल तर दोघांचा स्वर एकच येतो. एका बाजूला ताण कमी असेल तर एक कंपन २७७चे आणि दुसरे २८१चे होते. दोन्ही एकदम वाजली की आवाज सेकंदाला चार वेळा लहान-मोठा होतो आणि 'ना'ऐवजी 'वाँव् वाँव्' असा हेलकावा ऐकू येतो. या हेलकाव्यांना विस्पंद म्हणतात. बोटाचा कोणताही सराव विस्पंद घालवू शकत नाही. हातोडी घालवू शकते. चाटेवर समोरासमोरच्या घरांत 'ना' वाजवून पाहायचे. जिथे स्वर उतरलेला असेल तिथे गजऱ्यावर वरून हलका ठोका, जिथे चढलेला असेल तिथे खालून. स्वर फारच उतरला असेल तर गठ्ठे खाली सरकवायचे. शंभरातले कितीतरी 'वाईट तबले' अर्ध्या तासात चांगले होतात, असे माझे मत आहे. सूर मिळवणे हीदेखील शिकण्याचीच गोष्ट. पण पहिली एक-दोन वर्षे ती गुरुजींकडून किंवा बाईंकडून करून घ्यावी आणि शेजारी बसून नीट पाहावी.

दुसरा दोष पावसाळ्याचा. कातडे दमट हवेतली ओल शोषून घेते, सैल पडते, आणि तबला उतरतो. हलगीवाला सरळ शेकोटीवर कातडे तापवून घेतो. तबल्याला हा उपाय नको. शाईला तडे जातील.

तिसरा दोष सर्वांत वाईट: शाईचे टवके उडणे किंवा ती कातड्यापासून सुटणे. शाई गेली की संनादींची ती सारी जुळणी मोडते आणि पुडी हलगीच्या वाटेने जाते. अशा पुडीवर अचूक बोट आणि चुकलेले बोट यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. आपण शिकतो कसे, हे आठवून पाहा. बोट टाकायचे, आवाज ऐकायचा, बरा आला तर तसेच पुन्हा टाकायचे. शिकवणारा आठवड्यातून दोन तास समोर असतो. उरलेला सगळा वेळ आपला कानच आपल्याला शिकवत असतो. वाद्याने बरोबर आणि चूक यांत भेदच केला नाही, तर कानाला शिकवायला काही उरत नाही. मुरलेला वादक खराब पुडीतूनही आठवणीने बरा बोल काढील, कारण तो कसा यायला हवा हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. तुम्हाला ते अजून ठाऊक व्हायचे आहे. म्हणून नवशिक्याला भारी वाद्य नको, पण खरे बोलणारे वाद्य हवेच. आणि "हात बसला की चांगला घेऊ" म्हणून शाई उडालेल्या पुडीवर मुलाला वर्षभर बसवणे हा काटकसरीचा हिशेब नव्हे.

मग तुमच्या घरच्या वादाचा निकाल कसा लावायचा? एक प्रयोग सुचवतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. इथे गोष्टी दोन आहेत, हात आणि तबला. दोन्ही तबले एकाच पट्टीत, सर्व बाजूंनी नीट मिळवून घ्या. मग चार ध्वनिमुद्रणे करा: तुम्ही तुमच्या तबल्यावर, तुम्ही गुरुजींच्या तबल्यावर, गुरुजी तुमच्या तबल्यावर, आणि गुरुजी त्यांच्या स्वतःच्या तबल्यावर. दर वेळी दहा 'ना', दहा 'तूं' आणि संथ तीनतालाची चार आवर्तने. मोबाईल चारही वेळा तेवढ्याच अंतरावर ठेवा. नंतर ही मुद्रणे क्रम बदलून, कोणते कोणाचे हे न सांगता, वर्गातल्या मित्रांना ऐकवा आणि प्रत्येकाला गुण द्यायला सांगा.

न सांगता ऐकवण्याला फार महत्त्व आहे. नाव आणि किंमत कळली की कान डोळ्यांच्या मागून चालू लागतात. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एक परीक्षा झाली. २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांना अंधारलेल्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून, सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती. तीन जुनी, त्यांतली दोन स्ट्रॅडिव्हरीची. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंबही लावला होता. घरी न्यायला कोणते निवडाल असे विचारल्यावर १३ जणांनी नवे व्हायोलिन निवडले. सगळी व्हायोलिने सारखीच असतात असा याचा अर्थ नाही. सहाही उत्तमच होती. मात्र उत्तमांतला फरक किमतीच्या प्रमाणात वाढत नाही, एवढे यावरून दिसते.

तुमच्या प्रयोगाचा निकाल साधारण असा वाचायचा. गुरुजींनी तुमच्या तबल्यातून लख्ख 'ना' काढला, तर तबला निर्दोष. नव्या तबल्याची मागणी मागे घ्या. त्यांनाही तो निघाला नाही आणि तुम्हाला त्यांच्या तबल्यावर मात्र जरा बरा निघाला, तर पुडी बदलायला हवी. मधला प्रकारही होऊ शकतो. कसलेला हात वाद्याचा दोष झाकतो; गुरुजी नकळत चाटेवरचे त्यातल्या त्यात सुरेल घर शोधून तिथेच वाजवतील. म्हणून वाजवून झाल्यावर "किती सांभाळून घ्यावे लागले?" हेही त्यांना विचारा. मुद्रणात न उमटलेली माहिती तिथे मिळेल.

पुडी बदलायला हवी, असे मी म्हटले, तबला नव्हे. खोड शिसवीचे की बाभळीचे, डग्ग्याला चकाकी किती, यावर दुकानात पुष्कळ बोलले जाते. जड खोडाचा फायदा आहे. आघाताने ते हलत नाही. पण स्वरांची जुळणी होते ती पुडीत. जुने खोड शाबूत असेल तर चांगल्या कारागिराकडून नवी पुडी चढवून घेतल्यास बहुतेक काम भागते, आणि खर्च नव्या जोडापेक्षा पुष्कळ कमी येतो. पुडी चढेपर्यंतचे दिवसही वाया जात नाहीत. टाळी देत बोल म्हणायचे, म्हणजे पढंत करायची. तिला तबलाच लागत नाही. मात्रा १८० आणि एका मात्रेत चार बोल असा वेग धरला, तर सेकंदाला बारा बोल होतात. ते तोंडात बसलेले नसतील तर बोटांत कुठून येणार?

शाईचे काम घरच्या घरी पाहायचे असेल तर रुंद तोंडाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्याचा तळ मोठ्यांकडून कापून घ्या. मोठा फुगा कापून त्याचे रबर एका तोंडावर सर्व बाजूंनी सारखे ताणून बांधा. मधोमध बोटाने टिचकी मारून आवाज लक्षात ठेवा. मग दुसऱ्या हाताचे बोट मध्य आणि काठ यांच्यामध्ये अगदी हलके टेकवून, त्यापासून दूर काठाजवळ टिचकी मारा. आवाज बदलून चढा येईल. आता वाटाण्याएवढा कणकेचा गोळा चपटा करून बरोबर मधोमध चिकटवा आणि दोन्ही टिचक्या पुन्हा मारा. पहिला आवाज बराच उतरेल, दुसरा त्या मानाने थोडा. कणीक थोडी थोडी वाढवत जाऊन दोन आवाजांतले अंतर कुठे कानाला गोड लागते ते शोधा, आणि ती जागा सापडली की लगेच मोजून ठेवा. कणीक वाळली की स्वर पुन्हा सरकतो. पखवाजवादक म्हणूनच ती दर वेळी खरवडून काढतात आणि नवी मळून लावतात.